रोहित नेमका किती गुलाबी?

जानेवारी-फेब्रुवारीत भिगवणचे रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, फोटो यायला लागले की दरवर्षी एक गंमत दिसते. उजनी धरणाच्या फुगवट्यातला तोच थवा, तीच सकाळ, कित्येकदा तर तीच होडी. तरी एकाच्या फोटोत रोहित केशरट, दुसऱ्याच्या फोटोत राणी रंगाचे आणि तिसऱ्याच्या फोटोत धुवट पांढरे. तिघांच्याही खाली ‘क्या बात है’ची रांग लागलेली असते, त्यामुळे आपला रोहित चुकला हे तिघांनाही कळत नाही.

भिगवणला प्रामुख्याने येतो तो मोठा रोहित. त्याची मान आणि अंग जवळजवळ पांढरं असतं, त्यावर गुलाबीची नुसती झाक. गडद रंग असतो तो पंखांवरच्या आच्छादक पिसांत. पंख मिटलेले असताना कडेला एखादी पोवळी रंगाची रेघ दिसते आणि उडताना तोच रंग काळ्या पिसांना लागून उलगडतो. चोच फिकट गुलाबी, टोक काळं. ठाण्याच्या खाडीत मात्र गर्दी लहान रोहितांची. ते मुळातच जास्त गुलाबी आणि त्यांची चोच गडद किरमिजी. पिल्लं दोन्हींची करड्या-तपकिरी अंगाची. हा गुलाबी रंग शेवाळ आणि कोळंबीवर्गातल्या बारीक जिवांतून मिळणाऱ्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांचा, म्हणजे खाण्यातून येणारा आणि वयाबरोबर चढणारा. त्यामुळे गुलाबी किती आणि कुठे, यावरून जातीचा, वयाचा अंदाज बांधता येतो. फोटोत मान आणि पंख सरसकट गुलाबी झाले की ही माहिती पुसली गेली. दोष सॅच्युरेशनच्या, म्हणजे रंग गडद करायच्या, स्लायडरला दिला जातो, पण बहुधा त्याच्या आधीच व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून साधायचा रंगांचा तोल, घसरलेला असतो.

सेन्सरला रंग असे दिसतच नाहीत. लाल, हिरव्या आणि निळ्या गाळणीमागे किती उजेड साठला, एवढंच त्याला कळतं. बहुतेक कॅमेऱ्यांत भर उन्हात हिरव्या गाळणीमागे सर्वांत जास्त उजेड साठतो. करडी वस्तू करडी दिसावी म्हणून मग लाल आकडा साधारण दुप्पट आणि निळा साधारण दीडपट करावा लागतो. व्हाइट बॅलन्स म्हणजे हे दोन गुणक, बाकी काही नाही. उजेड बदलला की गुणक बदलायला हवेत. डोळ्याला मात्र ही कसरत करावी लागत नाही, कारण मेंदू ती न विचारता करून टाकतो. झाडीत दहा मिनिटं बसलं की तिथला हिरवा उजेड आपल्याला हिरवा वाटेनासा होतो. म्हणून ‘तिथे असं दिसत होतं’ ही साक्ष या बाबतीत फारशी उपयोगाची नाही.

उजेडाचा रंग केल्विन या एककात सांगतात, आणि त्या आकड्यांबाबत एक गोंधळ कायम होतो. उजेडाचं रंगतापमान जितकं जास्त तितका तो निळा. पण कॅमेऱ्यात आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो. कारण आपण कॅमेऱ्याला ‘उजेड निळा आहे’ असं सांगतो आणि तो ते फेडायला पिवळं ओततो. ढोबळ मानाने सूर्य क्षितिजावर असताना २५०० ते ३०००, तासाभराने ४०००च्या आसपास, सकाळी नऊपासून दुपारी चारपर्यंत उघड्या उन्हात ५२०० ते ५५००, आभाळ भरलेलं असताना ६००० ते ६५००, आणि निळ्या आकाशाखालच्या सावलीत ७००० ते ८००० किंवा त्याहून वर. थंडीतल्या धुरकट सकाळी हे आकडे रेंगाळतात आणि साडेआठलाही उजेड पिवळाच असतो. कॅननचं ‘डेलाइट’ ५२००वर बसवलेलं आहे, ‘क्लाउडी’ ६०००वर आणि ‘शेड’ ७०००वर. निकॉनचं ‘शेड’ ८०००वर. त्यामुळे दोन कंपन्यांचे कॅमेरे घेऊन शेजारी बसलेल्या दोघांनी ‘शेड’ लावलं तरी खंड्याची छाती वेगवेगळी पांढरी येते.

शिवाय हे आकडे समान अंतरावरच्या पायऱ्या नाहीत. ३००० आणि ३५०० यांच्यात जेवढा रंगफरक दिसतो, त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा ७००० आणि ७५०० यांच्यात दिसतो. म्हणून छायाचित्रकार मायरेड हे माप वापरतात: दहा लाखाला केल्विनने भागायचं. ३००० चे ३३३ मायरेड आणि ३५०० चे २८६, म्हणजे फरक ४७. ७००० ते ७५०० हा फरक जेमतेम १०. कॅमेऱ्यातल्या व्हाइट बॅलन्स शिफ्टच्या चौकटीत पिवळ्या-निळ्या अक्षावरची एक पायरी कॅनन आणि निकॉन दोन्हींत साधारण ५ मायरेडची असते. तात्पर्य इतकंच की सकाळच्या कोवळ्या उन्हात दोनशे केल्विन इकडेतिकडे झाले तरी ते नजरेत भरतात. ढगाळ दुपारी पाचशेनेही फारसं बिघडत नाही. जीव सांभाळायचा तो सूर्योदयानंतरच्या पहिल्या दीड तासात, आणि नेमका तोच वेळ सगळ्यांना फोटोंसाठी हवा असतो.

मग व्हाइट बॅलन्स ऑटोवर का टाकू नये? लग्नाच्या हॉलमध्ये ऑटो बरं काम करतं, कारण चौकटीत कपडे, भिंती, चेहरे, फरशी असं बरंच काही असतं आणि त्यावरून कॅमेऱ्याला उजेडाचा अंदाज बांधता येतो. ऑटोच्या जुन्या, साध्या पद्धतीत तर सगळ्या चौकटीची सरासरी करडी असणार असं गृहीत धरलेलं असायचं. आताचे कॅमेरे त्याहून हुशार आहेत, पण पुराव्याशिवाय त्यांचंही चालत नाही. ५०० किंवा ६०० मिलिमीटरची लेन्स हाच पुरावा कापून टाकते. चौकटीत एक पक्षी आणि मागे धूसर झालेला एकच रंग. मागे भाताचं खाचर असलं की कॅमेरा त्या हिरव्याला उजेडाचा दोष समजून जांभळट झाक ओततो आणि गायबगळ्याची पाठ गुलाबीकडे झुकते. मागे निळं आकाश असलं की तो पिवळं ओततो. उडत्या घारीचे पंख मातकट पिवळे येतात ते यामुळे. आणि एकाच बर्स्टमध्ये, म्हणजे एका दमात काढलेल्या सलग फोटोंत, पक्षी झाडीसमोरून पाण्यासमोर आला, तर पहिल्या आणि बाराव्या चौकटीत दोन वेगळे पक्षी वाटावेत इतका रंग हलतो. त्यातही पहाटेच्या सोनेरी उन्हात ऑटो पांढऱ्याला प्राधान्य देणाऱ्या पर्यायावर असलं, तर ते सोनंच धुऊन टाकतं. काही कॅमेऱ्यांत वातावरण टिकवणारा ऑटोही असतो. तो थोडा बरा, पण चौकट बदलली की तोही बदलतोच.

म्हणून पहिली शिस्त: केल्विनचा आकडा हाताने लावून ठेवायचा आणि उजेड बदलेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आकडा थोडा चुकीचा असला तरी चालेल, पण सगळ्या चौकटींत तो एकच चुकीचा असावा. एकसारखी चूक घरी एका फटक्यात दुरुस्त होते. दोनशे चौकटींतल्या दोनशे वेगळ्या चुका दुरुस्त करणं म्हणजे शिक्षा.

दुसरी शिस्त कार्डाची, म्हणजे ज्याचा फोटो घेऊन उजेडाचा रंग मापायचा त्या करड्या किंवा पांढऱ्या तुकड्याची, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण कार्ड बहुतेकांच्या बॅगेत असतं आणि वापरलं जातं चुकीचं.

कार्ड उजेडाच्या रंगाबाबत प्रामाणिक हवं. साधा पांढरा कागद नको. त्यात पांढरेपणा वाढवायला घातलेली रसायनं अतिनील किरण शोषून निळसर चमकतात. त्यावर माप घेतलं की कॅमेरा ती निळी झाक उजेडाची समजतो आणि सगळे फोटो पिवळट होतात. नीळ घातलेला रुमाल, ऑप्टिकल ब्राइटनरच्या डिटर्जंटमध्ये धुतलेला पांढरा टी-शर्ट यांचीही तीच गत. डांबरी रस्ता, सिमेंटचा कठडा ही नाइलाजाची साधनं. सिमेंट बहुधा पिवळट निघतं आणि डांबर जुनं होईल तसं तपकिरी. व्हाइट बॅलन्ससाठी मुद्दाम बनवलेली फिकट करडी कार्डं मिळतात, ती चांगली. १८ टक्के करडं कार्ड मूळचं एक्स्पोजरसाठीचं. तेही चालतं, पण त्यावरचा गडद करडा रंग फोटोत थोडा दाणेदार येतो आणि माप किंचित डळमळतं. पैसे घालायचे नसतील तर हार्डवेअरच्या दुकानात नळाच्या आट्यांना गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप मिळते. एखाद्या जाड पुठ्ठ्यावर तिचे आठ-दहा थर शेजारी-शेजारी, एकमेकांवर चढवून गुंडाळले की हाताशी चांगला तटस्थ पांढरा तुकडा येतो. ही टेप चमकत नाही आणि दृश्य उजेडातले सगळे रंग जवळजवळ सारख्याच प्रमाणात परत पाठवते. प्रयोगशाळांतले परावर्तनाचे मानक तुकडेही याच जातीच्या पदार्थाचे असतात. अट एकच: एकेरी थर अर्धपारदर्शक असतो आणि खालचा पुठ्ठा डोकावतो, म्हणून थरांत कंजुसी करू नये. टेप मळली की वरचे दोन थर काढून नवे चढवायचे. विकतचं कार्ड मात्र घामाने आणि उन्हाने पिवळं पडतं, आणि ते पिवळं पडलंय हे कळायला दुसरं कार्ड लागतं.

आता मुख्य गोष्ट. कार्डावर पडणारा उजेड आणि पक्ष्यावर पडणारा उजेड एक हवा. ऐकायला सोपं, पण पक्षी शंभर मीटरवर असतो आणि कार्ड आपल्या हातात. होडीत बसलोय, ऊन उघडं आहे, समोरचा थवाही त्याच उन्हात आहे. मग अडचण नाही, कारण दोघांवर तोच सूर्य आणि तेच आकाश. फक्त कार्ड पक्ष्याच्या ज्या बाजूचा फोटो घ्यायचा त्या बाजूसारखंच धरायचं. सूर्य पाठीमागे असेल तर कार्ड सूर्याकडे. सूर्य बाजूला असेल तर कार्ड सूर्य आणि लेन्स यांच्या मधल्या दिशेला. सूर्याचा थेट चमकारा त्यावर दिसला तर किंचित कलवायचं. पण आपण बाभळीखाली सावलीत आणि पक्षी उन्हातल्या फांदीवर, अशी स्थिती असेल तर जागा सोडून उन्हात जाऊन माप घ्यावं लागतं. उलट्या स्थितीत पक्ष्याच्या झाडासारखंच दुसरं झाड शोधून त्याच्या सावलीत, आकाशाचा तेवढाच तुकडा दिसेल असं उभं राहायचं. लपणाच्या हिरव्या कापडात बसून, खिडकीच्या आत हात ठेवून घेतलेलं माप तर हमखास फसतं. कार्डावर कापडाचा हिरवा उजेड पडतो आणि बाहेरचा पक्षी जांभळट होतो. कार्ड बाहेर काढा. तसंच पिवळा रेनकोट किंवा भगवा गमछा घातलेला सोबती कार्डाजवळ उभा नको. त्याच्या कपड्यांचा रंग कार्डावर उतरतो, आणि हे कुणाला सांगितलं की आधी हसतात.

लांब लेन्सवर कार्डाचा फोटो घ्यायची एक अडचण म्हणजे फोकस. ५०० किंवा ६०० मिलिमीटरच्या अनेक लेन्स साडेतीन-साडेचार मीटरच्या आत फोकसच करत नाहीत. पण व्हाइट बॅलन्सला फोकसची गरज नाही. ऑटोफोकस बंद करायचा, नाहीतर कॅमेरा फोकस शोधत बसतो आणि शटर सुटत नाही. कार्ड लेन्सच्या सावलीत न येईल इतकं लांब धरून चौकटीचा मध्यभाग भरायचा आणि धूसर फोटो घ्यायचा. तो फार उजळ होता कामा नये. कार्ड कुठल्याही रंगात भरून गेलं, म्हणजे त्या रंगाचा आकडा कमाल मर्यादेला टेकला, की माप बाद. त्याच उजेडात माप कॅमेऱ्यातच बसवायचं असेल, तर कॅननमध्ये हा फोटो मेनूतल्या ‘कस्टम व्हाइट बॅलन्स’मध्ये निवडायचा आणि नंतर व्हाइट बॅलन्स कस्टमवर न्यायचा. दुसरी पायरी विसरणारे खूप. निकॉनच्या डीएसएलआरवर व्हाइट बॅलन्सचं बटण धरून ‘पीआरई’ निवडायचं, बटण सोडून पुन्हा दाबून धरायचं. अक्षरं लुकलुकू लागली की काही सेकंदांत शटर दाबायचं. ‘जीडी’ आलं तर माप घेतलं, ‘नो जीडी’ आलं तर कार्ड फार काळं किंवा फार उजळ पडलं. रॉ, म्हणजे सेन्सरची कच्ची फाइल, काढणाऱ्याने हे सगळं केलंच पाहिजे असं नाही. त्याच्यासाठी कार्डाची एक चौकट फाइलींत असली की पुरे. उजेड बदलला की नवी चौकट: सूर्य ढगाआड गेला, झाडीत शिरलात, तासभर उलटला.

झाडीतला प्रश्न वेगळा आणि जास्त गुंतागुंतीचा आहे. केल्विन फक्त पिवळं-निळं सांगतो. पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो, आणि हिरवा-किरमिजी हा अक्ष केल्विनच्या आवाक्याबाहेरचा. तो टिंटचा स्लायडर. आपल्या राज्यपक्ष्याचं उदाहरण घ्या. हरियाल वडावर फळं खायला बसलेला असतो. मागे, वर, खाली पानंच पानं. त्याच्या डोक्याचा मागचा भाग करडा, मान आणि छाती पिवळसर हिरवी, खांद्यावर जांभळट डाग आणि पाय पिवळे. याच्यासारखी दिसणारी बाकीची हिरवी कबुतरं लाल पायांची, तेव्हा पायांचा रंग फोटोत नीट यायलाच हवा. केल्विन बरोबर लावून टिंट शून्यावर ठेवला तर काय होतं? डोक्याचं करडं शेवाळी होतं, छाती पानांत मिसळून जाते आणि खांद्यावरचा जांभळट डाग मळकट राखाडी होऊन जवळजवळ नाहीसा होतो. हाच डाग पारख करायला उत्तम: तो जांभळट दिसेपर्यंत टिंट किरमिजीकडे न्यायचा, मग डोक्याकडे बघायचं, ते गुलाबी व्हायला लागलं की परतायचं. लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये दाट सावलीत टिंट अधिक १५ ते अधिक ३५ च्या घरात जावा लागणं नवलाचं नाही. कार्डाचं माप असेल तर एवढी नजरेची परीक्षा लागत नाही. नसेल तर पक्ष्याच्या अंगावरची अशी जागा शोधायची, जिचा खरा रंग पक्का माहीत आहे.

पक्का माहीत असणं मात्र दुर्मीळ. पांढरा पक्षी दिसला की त्याच्यावर सॉफ्टवेअरमधला ड्रॉपर टेकवून ‘हे पांढरं धर’ असं सांगायचा मोह होतो. बगळ्याचं अंग पांढरं आहे यात वाद नाही, पण फोटोत त्याच्यावर चार उजेड असतात. सूर्याकडची बाजू पिवळी, सावलीतली निळ्या आकाशाची, पोटाखाली पाण्याचा किंवा गवताचा परतीचा उजेड, आणि पंखांच्या कडेला मागून झिरपणारा. ड्रॉपर सावलीत टेकवला तर सगळं पिवळं, पोटावर टेकवला तर सगळं जांभळं. शिवाय विणीच्या दिवसांत गायबगळ्याचं डोकं, मान, पाठ बदामी-केशरी होते, चमच्या पक्ष्याच्या छातीवर पिवळसर पट्टा येतो, आणि चित्रबलाकाच्या शेपटीजवळची पिसं मुळातच गुलाबी. हे सगळं पांढरं करत बसणारे आहेत. कोतवाल आणि पाणकावळ्याच्या काळ्यावरही ड्रॉपर नको; कोतवालाच्या काळ्यात निळी झळाळी आहे, पाणकावळ्याच्या पिसांत काशाची, आणि ती घालवली तर पक्षी कोळशाचा होतो.

निळ्या पक्ष्यांचा वेगळा घोळ. नीलपंख किंवा खंड्या यांच्या निळ्यात निळं रंगद्रव्य नसतं. पिसांच्या आतल्या सूक्ष्म रचनेतून निळा उजेड विखुरतो. मोराची मान तर कोन बदलला की हिरवी होते. त्यामुळे मोराच्या मानेवरून व्हाइट बॅलन्स जोखू नये. आणि नीलपंखाने पंख उघडले की जी झगझगीत फिरोजी पट्टी दिसते, ती एसआरजीबी या नेहमीच्या रंगमर्यादेच्या साध्या पडद्यावर पुरती दाखवताच येत नाही. तिथे रंग चेपला जातो. लोक मग टेम्परेचर हलवत बसतात. ते हलवून ती पट्टी सुधारत नाही, फक्त पक्ष्याची तपकिरी छाती बिघडते.

‘रॉ काढतो, मग व्हाइट बॅलन्सची चिंता कशाला,’ हे वाक्य वारंवार ऐकू येतं. अर्धं खरं आहे. रॉमध्ये गुणक नुसते टिपून ठेवलेले असतात, आकडे मूळचेच राहतात, ते नंतर कधीही बदलता येतात. पण कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) आणि लुकलुकणारे इशारे जेपेगवरून काढलेले असतात, म्हणजे गुणक लागल्यानंतरचे. सकाळच्या उन्हात कॅमेरा ‘शेड’वर राहिला असेल तर लाल गुणक उगाच वाढतो, रोहिताच्या पंखावरचा लाल भरून गेल्याचा इशारा येतो, आणि आपण घाबरून एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली आणतो. रॉमध्ये लालला अजून बरीच जागा असते. नंतर तोच फोटो उजळवताना सावलीतला दाणा वर येतो. दाट सावलीत काढलेल्या फोटोंत आणखी एक गोष्ट: हिरव्या उजेडात लाल वाहिनीत मुळात थोडंच साठलेलं असतं, तिला नंतर जास्त ताणावं लागतं, आणि स्वर्गीय नर्तकाच्या पांढऱ्या शेपटीवर रंगीत ठिपके येतात. म्हणून झाडीत एक्स्पोजर कमी ठेवणं महागात पडतं. पांढऱ्याचा तपशील जळणार नाही तेवढं सांभाळून जितका उजेड घेता येईल तितका घ्यावा.

घरी बसून काम सोपं. कार्डाची चौकट उघडायची, लाइटरूममध्ये ‘डब्ल्यू’ दाबून ड्रॉपर कार्डाच्या मधोमध टेकवायचा, कडेला नाही. लाल, हिरवा, निळा तिन्ही टक्के एका रांगेत आले की तेच टेम्परेचर आणि टिंट पुढच्या कार्डापर्यंतच्या सगळ्या फोटोंना लावायचं. डार्कटेबल किंवा रॉथेरपी या सॉफ्टवेअरांत हेच वेगळ्या नावाने होतं. कॅमेऱ्यात ५२०० लावलं होतं आणि सॉफ्टवेअर ४९५० दाखवतंय म्हणून गोंधळू नये. प्रत्येक सॉफ्टवेअर त्याच गुणकांचं केल्विनमध्ये आपापल्या प्रोफाइलप्रमाणे, म्हणजे त्या कॅमेऱ्याचे रंग कसे वाचायचे याच्या तक्त्याप्रमाणे, भाषांतर करतं. दोघांनी एकमेकांना नुसते केल्विनचे आकडे सांगण्यात म्हणूनच फार अर्थ नसतो. प्रोफाइल मात्र व्हाइट बॅलन्सच्या आधी ठरवून टाकावं. एका प्रोफाइलमधून दुसऱ्यात गेलं की लाल-केशरी रंग सरकतात आणि मघाची मेहनत वाया जाते. जेपेगवरही स्लायडर चालतो, पण तिथे गुणक आधीच भाजून निघालेले असतात. हजार-दीड हजार केल्विनची चूक काढायला गेलं की एका टोकाला पिवळं आणि दुसऱ्या टोकाला निळं उरतं.

आता या अचूकतेचं करायचं काय, हा प्रश्न उरतो, आणि इथे मतं वेगळी असू शकतात. कार्डाप्रमाणे चाललं तर सकाळी साडेसहाचा रोहित दुपारी बाराच्या रोहितासारखा दिसेल. ओळख पटवायला पाठवायचा फोटो असेल तर तेच हवं. पर्णवटवट्यांत हिरवट कोण आणि तपकिरी कोण, तुतवारीचे पाय पिवळट की हिरवट, यावर निर्णय अवलंबून असतो. अशा फोटोत संध्याकाळचं सोनं म्हणजे खोटी साक्ष. पण भिंतीवर लावायच्या फोटोत ते सोनं काढून टाकणं म्हणजे सकाळच काढून टाकणं. कार्ड ३२०० म्हणत असेल आणि दिवसाचा आकडा ५२०० असेल, तर ४०००-४५०० वर थांबणं बहुधा बरं दिसतं. उजेड सोनेरी राहतो आणि मानेचं पांढरं व पंखाचं पोवळी यांच्यातला फरकही टिकतो. कुठे थांबायचं ते रोहिताच्या मानेकडे बघून ठरवावं. मान स्वतःच गुलाबी-केशरी होऊ लागली की मागे यायचं. दोन प्रती ठेवाव्यात, एक नोंदीची आणि एक आवडीची, आणि कोणती कुठली ते फाइलच्या नावात लिहावं.

अर्धं ऊन, अर्धी सावली असलेला पक्षी एका आकड्यात सुटत नाही. डोकं आणि डोळा ज्या उजेडात आहेत त्याचं माप सगळ्या फोटोला लावायचं. उरलेल्या भागावर मास्क काढून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, त्यातला टेम्परेचर थोडा हलवायचा. सावलीतलं निळं पूर्ण काढलं तर पक्षी कापून चिकटवल्यासारखा दिसतो, म्हणून निम्म्यावर थांबायचं. उडत्या पक्ष्याच्या पोटाचं तर कार्ड कुठून आणणार? तिथे जमिनीचा रंग वर चढलेला असतो: कोकणातल्या सड्यावरून जाणाऱ्या घारीच्या पोटावर जांभ्याची तांबूस झाक, भातावरून जाणाऱ्या बगळ्याच्या पंखाखाली हिरवी. पाठीवर आणि पंखाच्या वरच्या बाजूला सूर्याचा उजेड असतो, त्याच्यासाठी जमिनीवरचं कार्ड लागू पडतं. पोटावरची झाक राहू द्यावी. ती खरोखरच तिथे पडलेली असते.

पडद्याबद्दल थोडक्यात. वर केलेली सगळी खटपट ज्या पडद्यावर तपासायची तो निळा किंवा पिवळा असेल तर काही उपयोग नाही. मॉनिटरचा पांढरा बिंदू ६५०० केल्विनवर, उजळपणा ८० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटरच्या आसपास, आणि जमलं तर वर्षातून दोन-तीनदा कॅलिब्रेटर या पडद्याचे रंग मापणाऱ्या उपकरणाने तपासणी. रात्री आपोआप पिवळा होणारा मोड एडिटिंगच्या वेळी बंद. खोलीतला पिवळा बल्ब थेट पडद्यावर नको. वेबसाठी निर्यात एसआरजीबीमध्ये, आणि फाइलमध्ये प्रोफाइल जोडलेलं. अॅडोबी आरजीबीत टाकलेला फोटो काही अॅप्समध्ये फिका आणि मळका दिसतो, आणि मग फोनवर तो पुन्हा गडद करून टाकणारे हात शिवशिवतात. तयार फोटो एकदा स्वतःच्या फोनवर आणि एकदा दुसऱ्याच्या फोनवर, दोन्हींवर डोळ्यांना आराम देणारा मोड बंद करून, पाहून घ्यावा.